गौरी तुमच्याकडे कशा येतात?

सकाळी भाजीवालीकडे तेरडा दिसला आणि आजीची हाक आठवली, "बोलू नकोस गं!" माहेरी आमच्या खड्यांच्या गौरी. विहिरीपाशी पाच खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि मुकाट घरी यायचं. आठ वर्षांची असताना पायरीवर ठेच लागली, "आई गं!" म्हटलं, चूळ फ्रॉकवर. आजीने परत विहिरीवर पिटाळलं.

लग्नानंतर अमरावतीला आले तर मुखवटे, साड्या, शेजारी बाळं, सोळा भाज्या, आंबील. नावसुद्धा महालक्ष्म्या! पहिल्या वर्षी साबांना विचारलं, "खडे कुठून आणायचे?" त्यांनी मिठाची बरणी पुढे केली.

तुमच्याकडचं लिहा.

मालवणी_मिरची: आमची गौर तिखट खाते. मटण-वडे. ऑफिसात सांगितलं तर शेजारणीने डबा लांब सरकवला. अगो, लेक माहेरी आली तर तिला काय वरणभात वाढायचा? गणपतीला चालत नाही म्हणून मध्ये पडदा धरतात.

अर्धा_कप: पडदा 😂 आमच्या वरच्या आळीत पडदा, खालच्या आळीत तिखट मुळीच नाही. गाव एक, जात एक, आडनावही एकच. कारण विचारलं की दोघांचं उत्तर, "पहिल्यापासून असंच."

रंकाळ्याकाठी: आल्या दिवशी भाजी-भाकरी, पुरण दुसऱ्या दिवशी. आणि मागोमाग शंकरोबा हजर. बायको दोन दिवस माहेरी गेली तर करमत नाही बिचाऱ्याला.

कुकरची_शिट्टी: छान धागा. तिसरी झाली, पळते. नंतर वाचते.

पंचांगवाले_काका: अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. बाकी ज्याचं त्याचं.

उंबरा: बाबा गेल्यावर आईला गौर आणू देत नव्हते. दारामागून बघायची. गेल्या वर्षी वहिनीने सरळ आईच्या हातात ताम्हन दिलं. कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांच्या तोंडात चूळ होती ना!

मालवणी_मिरची: @उंबरा, वहिनीला माझ्याकडून एक वडा जास्त.

जर्सीची_सून: इथे तेरडा कुठे मिळेल? दोन वर्षं शेवंतीवर भागवतेय.

अर्धा_कप: नर्सरीत बाल्सम म्हणून मागा. बिया आणून मे महिन्यात कुंडीत टाकल्यात तर गौरींपर्यंत फुलतो. खारी मात्र झाडाजवळ येऊ देऊ नका.

जर्सीची_सून: खारींचं नाव काढू नका, टोमॅटो एक ठेवला नाही यंदा 😡