मदत हवी आहे: १६ मिमी प्रोजेक्टरची मोटर घूं करते, पण उचलत नाही

रीळ_कोथरूड
जुना १६ मिमीचा प्रोजेक्टर आहे. स्विच पुढे टाकला की मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही. दिवा नीट लागतो. शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शो ठरलाय, मुलांना सांगून झालंय. रिवाइंडिंगवाला म्हणतो मोटर गेली, सगळं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) नवीन करावं लागेल. देऊ का? लवकर सांगा.

खटका
कंपनी कुठली? किती व्होल्टचा? मोटर ब्रशची (कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणारी) की कंडेन्सरची (कंडेन्सरच्या मदतीने सुरू होणारी)? हाताने फिरते का? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय? वाइंडिंगला मात्र इतक्यात देऊ नका. वाइंडिंग जळालं तर वास येतो, तारेवरचं इनॅमल काळं पडतं.

भिंगरी
ब्रश बघा आधी. मोटरच्या अंगावर समोरासमोर दोन काळ्या टोप्या असतात, त्या उघडल्या की कार्बन बाहेर येतो. ५-६ मिमीच्या खाली झिजला असेल तर बदला. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याचा गोल) स्पिरिटने पुसा. मग गव्हर्नरचे (वेग आवरणाऱ्या भागाचे) पॉइंट. त्यांना पॉलिश पेपर लावू नका, वाळूचे कण रुततात आणि पुन्हा ठिणग्या उडतात. पॉइंटची बारीक कानस मिळते ती वापरा, आणि पॉइंटांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कंडेन्सर आडवा टाका.

तांबेतार
भिंगरी, ब्रश आहेत की नाहीत हे कळायच्या आधीच ब्रश बदलायला कशाला सांगता? ब्रशच्या मोटरचे कार्बन झिजले की ती अडखळते, ठिणग्या मारते किंवा एकदम गप्प होते. स्थिर घूं हे इंडक्शन मोटरचं, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचं लक्षण.

भिंगरी
बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) जाम असेल तर ब्रशची मोटरसुद्धा घूं करते. आणि जुन्या अमेरिकन मशिनांत गव्हर्नरची मोटरच जास्त.

रीळ_कोथरूड
जपानी आहे. कंपनीची पट्टी निघालेली. मागे १०० ते २४० व्होल्टचा सिलेक्टर आहे, तो २४० वर आहे. काळ्या टोप्या नाहीत. मोटरजवळ एक ॲल्युमिनियमचा डबा आहे. गंजाचा स्प्रे भरपूर मारून झालाय, फरक नाही.

तांबेतार
तो डबाच कंडेन्सर. आता या क्रमाने करा.

प्लग काढा. फिल्म चढवलेली असेल तर उतरवा. बाजूची घुंडी हाताने फिरवा. अडली तर दोष बहुधा यंत्रणेत, मोटरच्या वाइंडिंगमध्ये नाही.

मग बेल्ट काढा आणि नुसता मोटरचा शाफ्ट दोन बोटांनी फिरवा. सुटल्यावर दोन-तीन फेरे आपसूक घ्यायला हवेत. मधात फिरवल्यासारखा जड लागला तर बुशमधलं तेल वाळून लाखेसारखं झालंय. गंजाचा स्प्रे त्याला क्षणभर पातळ करतो आणि बुशच्या छिद्रांत मुरलेलं तेलही धुऊन नेतो. बुश आता आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, वाळू द्या, आणि दोन्ही बुशांना ३२ किंवा ४६ ग्रेडच्या टर्बाइन तेलाचे दोन-तीन थेंब द्या. ग्रीस नको.

शाफ्ट मोकळा असेल तर बेल्ट काढलेलाच ठेवून, बोटं लांब ठेवून, मोटर चालू करा. घूं सुरू होताच लाकडी काडीने पुलीला टिचकी द्या. ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला पळाली तर मेन वाइंडिंग ठीक आहे. दोष कंडेन्सरचा किंवा स्टार्टिंग वाइंडिंगच्या (मोटर सुरू करून देणाऱ्या गुंडाळीच्या) वायरीचा. पाच सेकंदांच्या वर घूं करत ठेवू नका, तेवढ्यात तापते.

खटका
हेच. फक्त कंडेन्सरला हात लावण्याआधी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना पाच सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट, आतली फिल्म मरते.

डीसीप्रेमी
एवढं कशाला? २४ व्होल्टची डीसी मोटर आणि स्पीड कंट्रोलर लावा, पुण्यात बुधवार पेठेत दोन्ही मिळतात. वेग हवा तसा.

तांबेतार
स्वस्त कंट्रोलरची किणकिण थेट साउंड ॲम्प्लिफायरमध्ये येते. फोटोसेलचा (फिल्मवरचा आवाज उजेडातून वाचणाऱ्या भागाचा) सिग्नल मुळातच बारीक असतो. शिवाय रिळाचा भार बदलला, बेल्ट तापला, की वेग हलतो आणि गाणं डगमगतं. मूकपट दाखवायचा असेल तर डीसी ठीक आहे.

डीसीप्रेमी
टॅकोमीटरचा (वेग मोजणाऱ्या यंत्राचा) फीडबॅक घातला तर हलत नाही.

तांबेतार
शनिवारपर्यंत फीडबॅक कोण घालणार?

उजेड
मी म्हणतो दिवाच बदला. हॅलोजनऐवजी एलईडी टाका, उष्णता कमी.

खटका
दिवा लागतोय म्हणून त्यांनीच लिहिलंय. इथे मोटरचा प्रश्न आहे.

सुगंधा_प
रिळांना व्हिनेगरसारखा वास येतोय का ते मात्र बघा, ती फिल्म खराब होत असल्याची खूण. फिल्म आकसली असेल तर तिच्या भोकांची ओळ दात्यांवर बसत नाही, मग दोष मोटरला लागतो. आणि जुनी फिल्म पेट घेते, हॉलमध्ये जपून.

भिंगरी
पेट घेणारी फिल्म नायट्रेटची. ती ३५ मिमीची, १९५१ च्या सुमारास बंद झाली. १६ मिमी १९२३ मध्ये आली तीच सेफ्टी बेसवर (सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवर). आंबट वासाच्या फिल्मची चिंता करा, पण आगीची नको. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी, हवेशीर ठेवा. लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयातल्या लोकांना जतनाचं विचारता येईल.

रीळ_कोथरूड
वासाचं नंतर बघतो. काडी लावली, दोन्ही दिशांना पळते! डब्यावर ४ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. मल्टिमीटर १.१ दाखवतो.

तांबेतार
मग कंडेन्सर मेला. तापकीर गल्लीत ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा पंख्याचा कंडेन्सर घ्या, तो चालतो. इलेक्ट्रोलायटिक कधीच नको. "जास्त टाका, जोर वाढेल" म्हणून कोणी ६ सुचवलं तर ऐकू नका, स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जाऊन ते भाजतं. वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवा, नुसती पिळू नका.

रीळ_कोथरूड
बसवला. पळतेय! पण आवाज जाड येतोय, गाणं झोपेत म्हटल्यासारखं. व्होल्टेज कमी पडतंय का?

खटका
व्होल्टेज नाही, फ्रिक्वेन्सी. इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर चालतो, ट्रान्सफॉर्मरने तो बदलत नाही. ६० हर्ट्झची पुली आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर लावली की २४ ऐवजी २० फ्रेम निघतात आणि स्वर तीन सेमीटोनने उतरतो. मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या आहेत का?

रीळ_कोथरूड
हो, एक मोठी एक लहान. बेल्ट लहानवर आहे.

खटका
मग मोठीवर चढवा, ती ५० हर्ट्झची. आधी मोटरच्या बुडाचे स्क्रू ढिले करून बेल्ट सैल करा, ओढून चढवू नका. बेल्ट बोटाने दाबला की ५-६ मिमी दबायला हवा. नंतर आवाज मूळ सुरात आला का ते कळायला ओळखीचं गाणं लावा.

भिंगरी
शोच्या आधी अर्धा तास फिल्म न लावता चालवून मोटरला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर बुश अजून कोरडा असू शकतो, आणखी दोन थेंब द्या.