बुधवारचा बाजार गंगेवरून हलवायचा का?

पंचवटीकर
विषय गरम आहे माहितीये तरी टाकतोच. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळा २०२७ च्या नावाने घाट, रस्ते, साधुग्राम सगळं चर्चेत आहे, पण गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या) बुधवारच्या बाजाराबद्दल कोणी ब्र काढत नाही. माझं मत सरळ आहे, हा बाजार तिथून उठला पाहिजे. गुरुवारी सकाळी गौरी पटांगणाकडे चक्कर मारा. फ्लॉवरचा पाला, सडके टोमॅटो, आणि त्या पातळ पिशव्या (२०१८ पासून बंदी आहे म्हणे), आणि या सगळ्यातून वाट काढत दशक्रियेला आलेली माणसं. घंटागाडीत जाईल ते जाईल, बाकीचं वाऱ्याने नाहीतर पावसाने पात्रात. पार्किंगचं तर बोलूच नका, बुधवारी मालेगाव स्टँडकडून रविवार कारंजावर यायचं म्हणजे डोक्याला ताप.

सिडकोतली काकू
अरे बाबा तू पंचवटीत राहतोस म्हणून तुला ताप, आम्ही सिडकोतून बस पकडून मुद्दाम येतो त्याचं काय? आमच्याकडे दारात गाडीवाला जी मेथी देतो ती बुधवारी तिथे निम्म्या भावात मिळते आणि वर ताजी. पेठ सुरगाण्याकडच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात, गोणपाटावर वाटे लावून, ते मॉलमध्ये दाखव मला. कचरा होतो तर कचरा उचला ना, बाजार कशाला उचलता.

नियमावर बोट
काकूंना जोर. भावनेचं सोडा, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलंय की जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ नैसर्गिक (आपोआप जमलेला) बाजार भरतोय तो वारसा बाजार जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. आणि त्याच कायद्याच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेतेच हवेत, म्हणजे त्यांना न विचारता परस्पर ठरवता येत नाही. माझी आजी लग्न होऊन भद्रकालीत आली तेव्हापासून बुधवारी गंगेवरच जायची.

पंचवटीकर
आजीला नमस्कार, पण आजीचा शब्द कागदावर चालत नाही, पन्नास वर्षं सिद्ध करावी लागतील. आणि नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेचं काय? तिच्या आतला सगळा पट्टा निषिद्ध क्षेत्र. २ ऑगस्ट २०१६ चा पूर विसरलात का, पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, पाणी सराफ बाजारात. पहिलं अमृतस्नान पण २ ऑगस्ट २०२७ लाच आहे, ऐन पावसाळ्यात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाट्या आणि ताडपत्र्या घेऊन पळापळ त्या बायकांचीच होते, माझी नाही.

गिरणारेवाला
मी विकणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, आमच्या घरचा माल बुधवारी तिथे जातो. पूर येणार असला की एक दिवस आधी भोंगा फिरतो, आम्ही बसतच नाही, त्यात काय एवढं. गोणपाट गुंडाळलं की दुकान बंद, पुरात पक्कं बांधकाम अडकतं दादा, आम्ही नाही. हलवायचं म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. गणेशवाडीत मंडई बांधली होती ना, वर्षानुवर्षं ओस पडली, कारण गिऱ्हाईक जिथून चालत जातं तिथे माल विकला जातो, गाळ्यात बसून माशा कोण मारणार? आणि गंगा घाण म्हणायचं तर आधी तिला मिळणाऱ्या वाघाडीचं पाणी बघा, नासर्डीचं बघा. पिशवी डोळ्याला दिसते म्हणून आम्ही बदनाम.

पंचवटीकर
नाल्यांचं मान्य, त्यावर वेगळं भांडू. पण म्हणून पाला तिथेच टाकून जायचा? एसटी पकडायची घाई असते म्हणून ढीग सोडून जाणारे मी बघितलेत.

गिरणारेवाला
शेवटच्या गाडीला गर्दी किती असते बघायला ये एकदा. बुधवारी संध्याकाळी सात वाजता दोन घंटागाड्या गाडगे महाराज पुलाखाली उभ्या करा, आम्ही पाला त्यातच टाकू, घरी नेऊन गुरांना घालणारे पण आहेत आमच्यात.

सिडकोतली काकू
सातला कशाला, मी साडेसातला जाते, तेव्हा भाव खरा उतरतो.

पंचवटीकर
काकू तुमच्यासाठी नऊ करू. पण सिंहस्थाचे महिने तरी म्हसोबा पटांगण मोकळं ठेवा, तेवढ्याला कोणाची ना आहे का?

नियमावर बोट
तेवढे महिने पर्यायी जागा लेखी द्या आणि परत आणायची तारीखही त्याच कागदावर टाका, मग बोलू.