जुन्या जिप्सीचे पुढचे शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घरी बदलतोय, वरचा नट जाम झालाय. काय करू?

नाणेघाटकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ ची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), ताडपत्रीवाली. राहायला जुन्नरला, आठवड्यातून एकदा तरी घाटघर-नाणेघाटाकडे चक्कर असते, बाकी शेतावर ये-जा. आता झालंय असं की स्पीडब्रेकरवरून उतरली की पुढचं तोंड होडीसारखं दोन-तीनदा डुलतं, ब्रेक दाबला की नाक खाली घालते, आणि डाव्या शॉकपवरून तेलाचा ओघळ येऊन त्याच्यावर धूळ बसून काळा लेपच झालाय. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने उजवा तेवढा नवीन टाकला आणि डावा "चालतंय की अजून" म्हणून तसाच ठेवला, तेव्हापासून तर खडबडीत रस्त्यावर गाडी एका अंगाने उडते असं वाटतं.

शेवटी पुण्याहून पुढची जोडी आणली आणि काल घरीच बसलो सोडायला. डाव्या बाजूचा खालचा बोल्ट दहा मिनिटांत निघाला, मनात म्हटलं हे तर सोपं आहे, आणि मग वरचा नट. पाना फिरवला की नटाबरोबर आतला दांडाच गरागरा फिरतो. तीन तास गेले. पाना सटकून उजव्या हाताची दोन बोटं सोलली, बायको म्हणाली गाडी त्या गॅरेजलाच का नाही देत, तिला काय सांगणार.

तर तो नट कसा काढायचा ते सांगा. आणि साठच्या पुढे स्टेअरिंग जे थरथरतं ते शॉकप बदलल्यावर जाईल का? उजवा दोन महिन्यांचाच आहे, तो काढू का राहू देऊ हाही प्रश्न आहे.

पंचगंगा_फोरबायफोर:
भावा सगळ्यांचं गाडं त्या नटावरच अडतंय, तू एकटा नाहीस. आधी एक बघ, नट जिथं बसलाय तिथं तो चिकटलेला नसतो, त्याच्या वर जे आटे उघडे राहिलेत त्यावर वीस वर्षांचा गंज आणि चिखल असतो, नट अर्धा फेरा वर आला की त्या गंजात रुततो आणि मग दांडा फिरायला लागतो. म्हणून पहिलं काम पाना लावायचं नाही, वायर ब्रश घेऊन वरचे आटे चकाचक करायचे, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा आणि घरात जाऊन झोपायचं. सकाळी परत एकदा मारायचा. स्प्रे नसला तर डिझेल चालतंय, फक्त रात्रभर मुरू दे.

दांड्याच्या टोकाला दोन बाजूंनी चपट्या खाचा असतात बघ, तिथं छोटा पाना नाहीतर ग्रिप प्लायर पकडायचा आणि खालून नट फिरवायचा. खाचा गंजून गोल झाल्या असतील (तुझ्या झाल्याच असणार) तर मग शॉकपची वरची जी पत्र्याची नळी असती, धूळ जाऊ नये म्हणून असती ती, ती बऱ्याच जुन्या शॉकपमध्ये दांड्यालाच वेल्ड केलेली असती. तिला पाईप पाना लाव आणि जोडीदाराला घट्ट धरायला सांग. नळी चेपली तरी चेपू दे, भंगारातच जायचंय ते.

एवढ्यानं पण नाही झालं तर हेक्सॉ ब्लेडनं नट उभा काप, एका बाजूनं आट्यापर्यंत आला की छिन्नीचा एक दणका, उमलतोय. माझा उजवा असाच काढला, ब्लेड दोन मोडली. नटाची मापं सगळ्या गाड्यांत सारखी नसतात, आधीच्या मालकानं कुठल्या कंपनीचा शॉकप टाकलाय त्यावर असतंय, त्यामुळं १४ आणि १७ दोन्ही पाने जवळ ठेव.

आणि कुणी म्हटलं गॅस कटरनं तापव तर अजिबात ऐकू नकोस. आत तेल असतंय, काहींत दाबाचा गॅस पण असतोय, नळी फुटली की तोंडावर येतंय.

चिखलप्रेमी:
दादा एवढी गाडी खोललीच आहे तर स्टॉक साइजचे कशाला टाकतोस, दुकानात परत दे आणि लांब शॉकप घे, दोन इंच लिफ्ट कर, लांब शॅकल (पाटा स्प्रिंगचं टोक चेसीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले की झालं काम. चिखलात वेगळीच मजा. माझी तशीच आहे, लोक वळून बघतात 😎

फौजीकाका_सातारा:
लिफ्टचं आत्ता डोक्यात घेऊ नका. स्टॉक उंचीच्या गाडीला लांब शॉकप लावला तर पाटा (पानांची स्प्रिंग) दबल्यावर बंप स्टॉप (चेसीखालचा रबरी ठोकळा) लागायच्या आधी शॉकपच तळाला आपटतो, आणि उंच केलेल्या गाडीला आखूड लावला तर चाक खाली लोंबलं की तोच पाट्याला अडवून धरतो, दोन्हीकडे शॉकपच मरतो. आधी उंची ठरवायची, मग गाडी जमिनीवर उभी असताना वरच्या पकडीपासून खालच्या बोल्टापर्यंत माप घ्यायचं आणि त्या मापाला दांडा साधारण अर्धा बाहेर, अर्धा आत असेल असा शॉकप शोधायचा. शॅकल लांब केलं की पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि स्टेअरिंग आणखी भटकतं ते वेगळंच. चिखलप्रेमी, तुमची गाडी ऐंशीला सरळ जाते का ते सांगा आधी.

आता थरथरीचं. नाणेघाटकर, मी ईएमईत (लष्कराच्या वाहनदुरुस्ती दलात) होतो, जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलखाली आयुष्याचा बराच भाग गेला. शॉकप गाडीचं वजन पेलत नाही, ते काम पाट्याचं. शॉकप फक्त पाट्याचं उसळणं दमवतो, आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि त्यात उसळीचा जोर उष्णता होऊन जातो. म्हणून डुलणं, नाक घालणं, खड्ड्यानंतर चाक टपटप उडणं हे शॉकपचं दुखणं. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरणं हे बहुतेक वेळा दुसरीकडून येतं, चाकांचं बॅलन्सिंग, टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, स्टेअरिंगचा आडवा डॅम्पर, आणि जिप्सीत सगळ्यात जास्त किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बेअरिंग. शॉकप मेलेला असेल तर ते वाढतं, पण नवीन टाकला म्हणून जात नाही.

गाडी वर उचललेलीच आहे तर एक करा. चाक वर आणि खाली दोन हातांनी धरून हलवा. कटकट लागली तर घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन.

उजवा शॉकपही बदला. जोडी म्हणजे जोडी. एक कडक एक मऊ असला की गाडी तुम्ही म्हणता तशीच एका अंगाने उडते. तो दोन महिन्यांचा शिल्लक म्हणून गोठ्यात टांगून ठेवा.

नाणेघाटकर:
काका खूप खूप धन्यवाद. एक विचारतो, बॉनेटवर वजन टाकून सोडल्यावर गाडी किती वेळा हलते ते बघायचं म्हणतात ना, मी केलं होतं, एकदाच हलून थांबली, म्हणून तर मीही आधी गॅरेजवाल्याचं ऐकलं.

फौजीकाका_सातारा:
कॉइल स्प्रिंगच्या मोटारीला ती परीक्षा बरी. पाट्याच्या गाडीत पानं एकमेकांवर घासतात, ते घासणंच हलणं थांबवतं, हाताने दाबून काही कळत नाही. शॉकप खालून सोडून हाताने ओढून-दाबून बघा, खरं काय ते तिथे कळतं. दोन्ही दिशांना सलग जोर लागला पाहिजे, ओढताना दाबण्यापेक्षा जास्त. मधे कुठे पोकळ लागला की संपला.

मोहर्लीवाला:
नमस्कार भाऊ, आमच्या दोन जिप्सी हाय ताडोब्यात सफारीले. पाठीमागं उंच सीटा, सहा पर्यटक, गाईड, ड्रायव्हर, वाघ दिसला का समदे एकाच बाजूले उभे राह्यते, म्हणून आमचे शॉकपाचे बुश (टोकाचे रबर) तेलाच्या आधी जाते. मंगळवारी गेट बंद असते तवा हेच कामं करत बसतो आमी, अन् पावसाळ्यात कोर (जंगलाचा आतला भाग) बंद झाला का मंग मोठे कामं काढतो.

नट निघून जाईन, पंचगंगावाल्या भाऊनं बरोबर सांगितलं. एक अजून सांगतो, नाहीच निघाला तर नटावर लांब सॉकेट बसवा, त्याच्यात लांब दांडी लावा अन् आजूबाजूले मागं-पुढं डोलवा. दांड्याचं टोक बारीक असते, दहा-पंधरा झटक्यात मोडून पडते. जुना फेकाचाच हाय ना, मंग काहून जीव लावता त्याले.

पण लोकं चुकते ते बसवताना. वरच्या टोकाले दोन रबर असते, एक ब्रॅकेटच्या खाली, एक वर, अन् त्याले वाट्या असते. वाटीचं तोंड रबराकडं पाह्यजे. आमच्या एका पोरानं उलट्या लावल्या, रबर आठ दिवसात चिरलं अन् मंग नुसता ठणठण आवाज, पर्यटक विचारे का गाडी तुटली का भाऊ. नट किती कसाचा? रबर वाटीच्या कडेपर्यंत फुगलं का बस. ताकद लावून कसलं का रबर फाटते.

अन् नवा शॉकप दुकानात आडवा पडून असते, त्याच्यात हवा नको तिथं जाते. बसवाच्या आधी उभा धरा, दांडा वर, जसा गाडीत राह्यते तसा, अन् पाच-सहा डाव पूर्ण ओढा, पूर्ण दाबा. पहिले दोन-तीन डाव मधात पोकळ लागन, मंग जड होईन. तसाच बसवला तर पहिल्या दिवशी तुमीच म्हणान का दुकानदारानं फसवलं.

खालचा बोल्ट गाडी जॅकवर असताना पुरा कसू नका. हातानं लावून ठेवा, चाकं खाली टेकवा, गाडीचं वजन पडू द्या, मंग कसा. नाहीतर रबर पिळलेलं राह्यते अन् लवकर जाते.

पंचगंगा_फोरबायफोर:
हे शेवटचं लई महत्त्वाचं, माझे बुश पहिल्या वेळी सहा महिन्यांत गेले ते ह्याच्यामुळंच, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नको. चेसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लाव, नसल्या तर चिंचेचा जाड ओंडका, पण विटा नकोत, वीट भसकन फुटती. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅक मोकळा झाला की तो अ‍ॅक्सलखाली घे, म्हणजे नवीन शॉकपचं भोक आणि ब्रॅकेट जुळवायला अ‍ॅक्सल सूतसूत वर-खाली करता येतंय. आणि अ‍ॅक्सल लोंबकळत असताना ब्रेकचा रबरी पाईप ताणला जात नाही ना तेवढं बघ.

चिखलप्रेमी:
काका ऐंशीला नाही जात 😅 सत्तरलाच दोन्ही हातांनी धरावी लागते. किंगपिन बघतो मीपण.

नाणेघाटकर:
मंडळी, रविवारी काम झालं. जरा सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

शनिवारी रात्री आटे घासून स्प्रे मारला, रविवारी सकाळी परत. डाव्याच्या खाचा गोलच झालेल्या, पाईप पाना नळीला लावला तर गंजलेली नळीच हातात आली, पोह्याच्या पापडासारखी. मग मोहर्लीवाल्या भाऊंचं सॉकेट डोलवणं केलं, मोजून अकराव्या झटक्याला टोक मोडलं आणि मी जवळजवळ मडगार्डवर पडलो. तीन तास घालवले होते त्या जागी दोन मिनिटं. काढलेला शॉकप हाताने दाबला तर सायकलच्या पंपाएवढाही जोर लागला नाही, आणि सोडला तर तिथेच थांबला.

खरी गंमत उजव्या बाजूला. दोन महिन्यांपूर्वीचा नट काय, हसत निघाला. वर बघतो तर रबर एकच! ब्रॅकेटच्या खालचं रबर टाकलेलंच नाही आणि वरची वाटी पालथी. म्हणजे खड्ड्यात गेली की लोखंडावर लोखंड, तो जो टक टक आवाज मी पाट्याच्या शॅकलमधून येतोय समजून ग्रीस भरत होतो तो हा. ग्रीसचा अख्खा डबा गेला.

नवीन दोन्ही उभे धरून ओढले-दाबले, डाव्यात चौथ्या वेळेपर्यंत पोकळ लागत होतं मग जड झाला. वाट्या बघून लावल्या, मुलाला टॉर्च धरायला बसवलं होतं, तो प्रत्येक वाटीला "बाबा तोंड रबराकडे" म्हणत होता. चाकं टेकवून खालचे बोल्ट कसले. संध्याकाळी घाटघरपर्यंत जाऊन आलो, कुकडेश्वराच्या पुढे जो खराब पट्टा आहे तिथे गाडी अजून दणके देतेच, जिप्सी आहे, देणारच, पण दणका एकदाच येतो, नंतरचं डुलणं गेलं. ब्रेकला नाक घालणंही बरंच कमी.

थरथर मात्र आहे तशीच. काका, ब्रेक दाबून चाक हलवून बघितलं, डावं हलतं. उजवं नाही. म्हणजे किंगपिन ना? त्यात शिम (पातळ चकत्या) असतात असं ऐकलंय, किती काढायच्या?

फौजीकाका_सातारा:
किंगपिनच. पण शिम अंदाजाने काढू नका. आधी दोन्ही चाकं बॅलन्स करून आणा, तेवढ्याने किती फरक पडतो ते बघा, खर्चही कमी. मग किंगपिनला हात घाला, आणि उघडल्यावर बेअरिंगच्या बाहेरच्या वाटीत नखाला लागतील अशा खाचा पडल्यात का ते पहिलं बघा. पडल्या असतील तर शिमचा उपयोग नाही, बेअरिंगच नवीन लागेल. वाटी गुळगुळीत असेल तर एकेक शिम काढून, टाय रॉड सोडून, नकल (चाक वळवणारा भाग) स्प्रिंग काट्याने ओढून किती जोर लागतो ते बघायचं. काटा आहे का घरी?

नाणेघाटकर:
कांद्याच्या गोण्या तोलायचा आहे. चालेल का?

फौजीकाका_सातारा:
तो पन्नास किलोचा असणार, त्यावर किलो-दीड किलोची ओढ कळत नाही. मासे तोलायचा छोटा आणा.