तक्ता चुकला नाही, प्रश्न चुकला

एकांनी लिहिलंय की नवी गाडी निवडायला तीस रकान्यांचा तक्ता केला, तरी चारही गाड्यांना जवळपास सारखेच गुण पडले. ते तसंच होणार. सनरूफला आणि ब्रेकला सारखं वजन दिलं की फरक एकमेकांत विरून जातात.

आधी प्रश्न नेमका करा. 'चांगली गाडी कोणती?' याला उत्तर नसतं. 'रोज ४० किमी, पाच माणसं, आठ वर्षं वापर' याला असतं. मग अटी वेगळ्या काढा: ज्यांच्यावर तडजोड नाही त्यांना गुण द्यायचे नाहीत, त्यांत न बसणारी गाडी सरळ बाद करायची. उरलेल्यांसाठी पाच-सहाच निकष ठेवा, त्यांच्यात महत्त्वाप्रमाणे १०० गुण वाटा, आणि तेही गाड्या बघण्याआधी. गुण नंतर वाटले तर ते आवडलेल्या गाडीकडे आपोआप झुकतात.

माहिती घेताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. डब्ल्यूएलटीपीचा (मायलेज मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणी) मायलेज प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा, एसी बंद ठेवून काढलेला असतो. तो गाड्यांच्या तुलनेला चालतो, खर्चाच्या हिशेबाला नाही. आणि क्रॅश टेस्टचे तारे बघताना चाचणीचं वर्ष बघा, नियम कडक होत जातात. समोरच्या धडकेचे निकाल साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत.

टेस्ट ड्राइव्ह सगळ्यांची एकाच रस्त्यावर, त्यात चढावर थांबून पुन्हा निघणं हवंच. मागच्या सीटवरही बसा (हे फार कमी लोक करतात).

शेवटी सर्वांत मोठ्या निकषाचे दहा गुण कमी करून पाहा. पहिला क्रमांक बदलला, तर आधीची पहिली आणि आताची पहिली अशा दोन्ही गाड्या पुन्हा चालवून बघा.