इन्स्क्रिप्टसाठी छोटा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड, बजेट ३५००

शाईदौत:
रोज सहा-सात तास इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळरचना) मराठी टायपिंग असतं. ऑफिसचा डेस्कटॉप आणि घरचा लॅपटॉप, दोन्हींना जोडता यावा, बॅगेत मावावा, शेजारच्याला आवाजाचा त्रास नको. ६१ कळांचा घ्यावा की ६८? प्रत्येक कळीखालचे स्विच कोणते?

कळफलक:
६८ कळांचाच. ६१ कळांच्या बोर्डात बाण वेगळे नसतात, एफएन (Fn) कळ धरून वापरावे लागतात. काही मॉडेलांत वरचा बाण '/' वर असतो आणि इन्स्क्रिप्टमध्ये '/' म्हणजे 'य'. बाण-मोड चुकून लॉक झाला की 'य' उमटायचाच थांबतो. ६४ कळांचे बोर्ड बाण बसवायला उजवी शिफ्ट एका कळीएवढी करतात. इंग्रजीत चालून जातं, आपल्याला नाही. अ, आ, इ, उ, ए हे सगळे स्वर शिफ्टने येतात आणि डाव्या हाताकडे आहेत, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने! खरेदीआधी फोटोत उजवी शिफ्ट नीट बघाच.

ख, घ, थ, भ हेही शिफ्टनेच येत असल्यामुळे करंगळ्यांना विश्रांती नसते. म्हणून हलका लिनिअर (मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारा) स्विच घ्या: लाल, साधारण ४५ ग्रॅम. निळा टकटक करतो, ऑफिसात नको.

खटका:
हॉट-स्वॅप (स्विच नुसता ओढून काढता-बसवता येणारा बोर्ड) असेल तरच घ्या. एकदा दाबून दोन अक्षरं उमटायला लागली की तेवढा एक स्विच बदलून भागतं, नाहीतर डिसोल्डरिंग, म्हणजे डाग वितळवून स्विच काढणं आलं. मात्र स्वस्त बोर्डांत कधी कधी फक्त औटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिना घेणारी सॉकेट असतात, गॅटेरॉन कंपनीचा स्विच त्यात बसत नाही. सॉकेट ३ पिनांचं आणि स्विच ५ पिनांचा असेल, तर प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने कापायचे. स्विच बसवताना सरळ खाली दाबा. तिरका गेला की तांब्याची पिन दुमडते. ती चिमट्याने सरळ होते, पण तीनदा दुमडली की तुटते.

शाईदौत:
धन्यवाद, उजव्या शिफ्टचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही, मग?

कळफलक:
मग ट्राय-मोड बघा: ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्झ डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) आणि केबल. डोंगल डेस्कटॉपला, ब्लूटूथ लॅपटॉपला. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो आणि अक्षरं गळतात. यूएसबी २ पोर्टात लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शनने टेबलावर आणा. ब्लूटूथवर बोर्ड झोपला असेल तर पहिलं अक्षर हरवतं, म्हणून आधी एकदा शिफ्ट दाबून जागा करायचा.

खटका:
आरजीबी (कळांखालचे रंगीत दिवे) बंद ठेवा, बॅटरी दिवसांऐवजी आठवडे पुरते. आणि सी-टू-सी (दोन्ही टोकांना यूएसबी-सी) केबलने चार्ज होत नसेल तर लगेच परत करू नका, आधी ए-टू-सी (एका टोकाला नेहमीचा चौकोनी यूएसबी) लावून बघा. स्वस्त बोर्डांच्या पोर्टात त्यासाठीचे रेझिस्टर पुष्कळदा नसतात.