खाजनाच्या बांधासाठी जमिनीवर वेगळा कर? माझा विरोध का आहे

मेरेवरून (धागाकर्ता)

गोव्यातल्या खाजनांचे बांध राखायला जी सूचना पुढे आली आहे ती थोडक्यात अशी. एका बांधाच्या आणि त्याच्या मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांच्या) आड जेवढे खाजन येते तेवढ्याचे 'विशेष कर-क्षेत्र' जाहीर करायचे. त्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरावर चौरस मीटरमागे दरवर्षी आकारणी करायची आणि त्यातून बांध राखायचा. कूळ संघांच्याने (कुळांच्या संघटनांच्याने) बांध सांभाळले जात नाहीत, कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग फुटल्यावरच पोचतो, म्हणून हा तोडगा. वर 'अमेरिकेत आणि हॉलंडमध्ये असेच असते' ही फोडणी.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध नाही तर शेत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. माझा आक्षेप पैशाच्या वाटेवर आहे. बांधाचा पैसा जमिनीतून आजही निघतो. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. गांवकारीच्या (गावाच्या जुन्या सामायिक जमीन-व्यवस्थेच्या) काळात त्या उत्पन्नाचा पहिला हक्कदार बांध होता. 1964 च्या कूळ कायद्यानंतर आणि 1975 च्या सामायिक जबाबदारीच्या नियमांनंतर बांध कूळ संघाकडे आला, आणि बऱ्याच गावांत पावणीही. आज पावणीच्या रकमेतले बांधावर किती गेले ते संघाच्या वहीत शोधून दाखवा. ती वही न उघडता शेताकडे दुसऱ्यांदा हात पसरणे मला मान्य नाही.

आता आकडा. समजा 1,200 मीटर बांध 40 हेक्टर राखतो आणि मीटरमागे वर्षाला 300 रुपये देखभाल धरली. झाले 3,60,000 रुपये, म्हणजे चौरस मीटरला 90 पैसे. ऐकायला काहीच नाही. पण 1,000 चौरस मीटरच्या तुकड्याला हे 900 रुपये. हेक्टरी 3 टन भात धरले तर त्या तुकड्यात 3 क्विंटल. 2025-26 चा साध्या भाताचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, म्हणजे हाती 7,107. नांगरणी, बी, लावणी, कापणी यांचा खर्च वजा करण्याआधीच जवळजवळ 13 टक्के गेले.

परदेशात असा कर मालक निमूट भरतो, कारण रस्ता-गटार झाले की जमिनीचा भाव चढतो आणि विकताना तो वसूल होतो. इथे कुळाला मिळालेली जमीन 1991 च्या जमीन-वापर कायद्याने शेतीलाच बांधलेली आहे, आणि 2023 च्या कायद्याने भातशेत बिगरशेतकऱ्याला विकायचा मार्ग बंद केला. दोन्ही कायदे चांगलेच आहेत. पण मग वाढलेल्या किमतीवरचा कर त्याच शेतावर कसा लावता?

उधाण-भांग

हिशेब बरोबर, पण अर्धाच.

बांध मोठ्या लाटेने फुटतो हा गैरसमज आहे. खेकड्याच्या बिळातून आधी पाझर लागतो. ओहोटीला त्यातून माती धुपते, बीळ हाताएवढे होते, आणि पुढच्या उधाणाला माथा खचून खांड पडते. बीळ दिसल्या दिवशी दोन माणसे चार टोपल्या चिकण माती आणि गवत ठासून ते बुजवतात. आठ दिवसांनी त्याच जागी दोन्ही बाजूंना खुंटे ठोकून मध्ये माती भरावी लागते, तीही भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती बघून ओहोटीच्या मोजक्या तासांतच. उधाणात कोणी हात घातला तर भरलेली माती त्याच रात्री परत नदीत.

म्हणजे बांधाला वर्षभर थोडा थोडा, हाताशी असलेला पैसा लागतो. खात्याचा पैसा येतो अंदाजपत्रक आणि निविदा होऊन. तोवर आत खारे पाणी खेळते, मीठ उतरायला एकदोन पावसाळे जातात. तुमच्याच आकड्यांनी दोन पिके बुडाली तर 14,214 रुपये. ही जवळजवळ सोळा वर्षांची आकारणी झाली.

आणि जास्त वर्षे पाणी राहिले की खारफुटी रुजते. एकदा ती उभी राहिली की किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, कोयता लावायलासुद्धा परवानगी हवी. अशी किती शेते कागदावर भातशेत आहेत आणि प्रत्यक्षात तिथे बगळे बसतात, ते फेरीबोटीतून नजर टाकली तरी दिसेल.

एकचौदा

उधाण-भांग यांचे तांत्रिक सगळे मान्य. पण बिल कोणाच्या नावाने फाडणार?

एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) काढा. कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदाद (गांवकारीचेच पोर्तुगीज नाव) किंवा भाटकार (जमीनदार), कुळाच्या रकान्यात सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेच्या वेळचे नाव. तो माणूस वारला. आपल्या नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मिळकत सहसा सामायिक, म्हणजे मुले, सुना, जावई सगळे वाटेकरी. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली वाटणी, झालेली नाही. एक वाटेकरी पोर्तुगालात, दुसरा कुवेतला, तिसरा वास्कोला, आणि चौथा एकटा शेत करतो. काही कुळांचा दावा मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात आणि तिथून परत असा फिरलेला.

कर थकला की तो जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होणार. नोटीस कोणाच्या दारात येईल? जो सापडेल त्याच्या, म्हणजे शेत करणाऱ्या चौथ्याच्या. पडीक टाकणारा सुटला, कसणारा अडकला. त्याने उद्या कसणे सोडले तर बिळे बघायला बांधावरून चालणार कोण?

दुसरे. कर की शुल्क, हे आधी ठरवा. घटनेच्या 265 व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, म्हणजे नुसत्या अधिसूचनेने भागणार नाही. कायदा करून राज्याने कर घेतला तर तो एकत्रित निधीत जातो. तिथून तुमच्या मानशीपर्यंत परत येईल याची हमी काय? शुल्क म्हणाल तर घेतलेल्या पैशाचा आणि दिलेल्या सेवेचा काही मेळ दाखवावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या शिरूर मठाच्या निकालापासूनचा हा वाद आहे. वेगळे खाते, वेगळा हिशेब कायद्यातच लिहिलेला नसेल तर हे सरळ वाढीव शेतसारा आहे.

पोंयकाठ

मी कराच्या बाजूने आहे. मात्र धागाकर्त्यांनी कर फक्त शेतावर धरला, तिथे गाडी चुकली.

बांधाच्या आड काय काय असते? शेत, पोंय (मानशीआडचे तळे), आणि वरच्या कडेला घरे, माड, विहिरी. बांध फुटल्यावर शेताइतकाच विहिरीचा घात होतो, गोडे पाणी मचूळ होते. सखल भागातून जाणारा रस्ताही बांधाच्याच जिवावर कोरडा. म्हणजे लाभधारकांत घरवाले आले, पंचायत आली, बांधकाम खाते आले. निम्मा भार त्यांच्यावर टाकला तर तुमचे 90 पैसे 45 होतात.

हॉलंडच्या पाणी-मंडळांत हेच आहे. आज तिथे 21 मंडळे आहेत. त्यांची आकारणी रहिवासी, बांधलेली मिळकत, मोकळी जमीन आणि निसर्गक्षेत्र अशा वर्गांत वेगवेगळ्या दराने होते, आणि मंडळाच्या सभेत मोकळ्या जमिनीला व निसर्गक्षेत्राला राखीव जागा आहेत. ज्याचे हित, त्याचा पैसा, त्याचाच शब्द, असे तिथले जुने सूत्र. आपली गांवकारी याहून फार वेगळी नव्हती. आपण फक्त शब्द काढून घेतला आणि पैसा सरकारकडे मागायला लागलो.

चिरेबंदी

सूत्र छान आहे, पण 'शब्द' कोणाचा आणि किती, तिथेच सगळी मेख आहे.

अमेरिकेचे नाव निघाले म्हणून कॅलिफोर्नियाचेच बघा. मिळकतीवर लाभापोटी आकारणी करायची तर 1996 च्या प्रस्ताव 218 पासून (मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीपासून) आधी अभियंत्याचा अहवाल लागतो. प्रत्येक मिळकतीला होणारा खास लाभ आणि सगळ्या गावाला होणारा सर्वसाधारण लाभ वेगळा करून दाखवायचा, आकारणी फक्त खास लाभापुरतीच. मग प्रत्येक मालकाला टपालाने नोटीस आणि मतपत्रिका, सुनावणी निदान 45 दिवसांनी. ज्याची आकारणी जितकी त्याच्या मताला तितके वजन, आणि आलेल्या मतांत विरोधाचे वजन जास्त भरले तर आकारणी बारगळली. 'तिथे लादतात' म्हणणाऱ्यांनी आणि 'तिथे सुरळीत चालते' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावे.

त्याच राज्याचा दुसरा नमुना 1982 च्या मेलो-रूस कायद्याचा. त्या कायद्याखालचा खास कर बसवायला दोन तृतीयांश मते लागतात, पण क्षेत्रात नोंदलेले मतदार 12 पेक्षा कमी असले तर मत जमीनमालकांचे, एकरी एक. रिकाम्या माळावर एकटा बिल्डर मत देतो आणि नंतर घर घेणारी कुटुंबे तो कर वर्षानुवर्षे भरतात.

आता हे खाजनावर ठेवा. क्षेत्रफळावर मत दिले तर एकटी कोमुनिदाद किंवा दोन भाटकार सगळ्या कुळांना झोपवतील. ग्रामसभेत हात वर करून ठरवले तर ज्यांचे वीतभर शेत नाही ते तुमच्यावर कर बसवतील, आणि शेजारच्या गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला त्या सभेत मतच नाही. मी विरोधात आहे तो इथे. कर परवडेल, पण तो ठरवणारी सभाच अजून कोणी मांडलेली नाही.

काजूबी

आधी पावणीचे पैसे. मग बाकी गप्पा.

उधाण-भांग

काजूबी, पावणीला रामबाण समजू नका, अर्धे दुखणे तिथूनच येते. मानशीची दारे ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात, ही त्यांची खुबी. बोली लावणाऱ्याला मासळी हवी, म्हणजे भरतीचे पाणी जास्त आत हवे, म्हणून दार अडकवून उघडे ठेवले जाते. आत पातळी वाढते, जोर वाढतो, मानशीच्या बाजूची माती सुटते. पावणीची रक्कम जितकी चढी तितका दार उघडे ठेवायचा मोह मोठा. त्या पैशावरच बांध अवलंबून ठेवला तर बांध फोडणाऱ्याच्याच खिशातून बांध दुरुस्त करायचा, असा प्रकार होतो. स्वतंत्र आकारणी असली तर संघ कमी बोली घेऊन कडक अटी घालू शकेल.

मेरेवरून

हा मुद्दा मी धरला नव्हता. मान्य.

पण मग ती आकारणी कोण खर्च करणार तेही बोला. क्षेत्र जाहीर झाले की वर एखादे प्राधिकरण बसेल, त्याला अभियंता लागेल, आणि अभियंत्याला मातीचा बांध आवडत नाही. तो चिऱ्यांची किंवा काँक्रीटची भिंत काढतो. मऊ चिखलात तिचा पाया खचतो, सांधे उघडतात, भरतीचे पाणी मागची माती ओढून नेते. समोरून भिंत उभी दिसते आणि आत पोकळ. मातीच्या बांधातले बीळ दिसते, भिंतीमागचे दिसत नाही. 300 रुपये मीटरचा खर्च मग कुठल्या कुठे जाईल आणि 90 पैशांचे किती होतील, ते तुम्हीच मांडा. बृहद् पणजी विकास प्राधिकरणात गावे घातली तेव्हा तिसवाडी तालुक्यात लोक 2018 साली रस्त्यावर आले ते याच धास्तीने. वरून आखलेल्या रेषेच्या आत आपण आलो की निर्णय गावाबाहेर जातो.

पोंयकाठ

प्राधिकरण नकोच. कूळ संघाचाच विस्तार करा. घरवाल्यांना आणि पंचायतीला त्यात सभासद करा, मतांचे दोन गट ठेवा, एक क्षेत्रफळाचा आणि एक माणशी. दोन्ही गटांत बहुमत झाले तरच दर बदलेल, म्हणजे चिरेबंदींचा भाटकारही एकटा काही करू शकणार नाही आणि ग्रामसभाही. दार कधी उघडायचे ते पावणीच्या करारात लिहा आणि अनामत मोठी घ्या. पडीक जमिनीला दुप्पट दर, कसणाऱ्याला अर्धा. म्हणजे एकचौदा यांचा चौथा भाऊ वाचतो.

एकचौदा

दुप्पट दराचे बिल पुन्हा कुवेतच्या पत्त्यावर जाणार, आणि तो पत्ता उताऱ्यावर नाही. एका मानशीच्या आडचे सर्व्हे नंबर घ्या, त्यांतल्या किती उताऱ्यांवर आज हयात असलेल्या माणसाचे नाव आहे ते मोजा. ती यादी मामलेदार कचेरीत लावा, वारसांना नोंदी सुधारायला एक वर्ष द्या. दराचा विषय त्यानंतर काढला तर मी विरोध करणार नाही.

मेरेवरून

त्या यादीला माझा पाठिंबा. सोबत मागच्या पाच वर्षांच्या पावणीच्या रकमाही त्याच फळ्यावर लावा.