ऊस पेटल्यापासून बंब पोचेपर्यंत गावानं काय करावं? ग्रामसभेत दहा मिनिटं मिळालीत

बंबवाला_सीमेवरचा

मी कर्नाटक अग्निशमन आणि आपत्कालीन सेवेत फायरमन आहे. नोकरीला ११ वर्षं झाली. ठाणं कुठलं ते लिहीत नाही, निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. शाळा मराठीतून झाली, कन्नड नोकरीसाठी शिकलो. घरी वडिलांचा ३० गुंठे ऊस आहे, त्यामुळं पुढचं लिहिताना मी नुसता खात्याचा माणूस म्हणून लिहीत नाहीय.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी सव्वाची वेळ, वॉच रूमला मी बसलेलो. फोन वाजला.

"साहेब, ऊस पेटलाय, लवकर या."
"कुठं?"
"पाटलाच्या मळ्यात की."
"गाव कुठलं?"

फोन कट. मी उलटा लावला तर एंगेज. त्याचं तरी काय चुकलं, तो घाबरून भावाला, सरपंचाला, दिसेल त्याला फोन लावत होता. दोन मिनिटांनी लागला, गाव कळलं, आम्ही निघालो. नंतर समजलं की आमच्याकडं येण्याआधी त्यानं ११२ लावला होता. गाव अगदी हद्दीवरचं, मोबाईलनं पलीकडचा टॉवर धरलेला, त्यामुळं फोन महाराष्ट्रात गेला. तिथं जिल्हा विचारला, यानं बेळगाव सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून पत्ता. त्यात नऊ मिनिटं गेली. पुढं गावाच्या पाणंदीत उसानं भरलेली ट्रॉली आडवी, ड्रायव्हर जेवायला गेलेला. तिथं आणखी वेळ गेला.

पोचलो तेव्हा सहा एकरांतला साडेचार एकर ऊस जळून गेला होता. वाळलेला पाला एकदा पेटला की वाऱ्यावर आग कशी पळते ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळतं. बांधावर एक म्हातारे मामा बसलेले. ते म्हणाले, "आता कशाला आलासा? राख विझवायला?"

मी काही बोललो नाही. गाडीत ४,५०० लिटर पाणी होतं आणि मारायला आग उरली नव्हती. बांधालगतची धग विझवली, शेजारचा फड वाचला, तेवढंच. जळीत ऊस कारखाना घेतो, पण दरात कपात लागते. लगेच तोडला नाही तर वजन रोज घटतं, आणि तोडणीची टोळी तर मागून मिळत नाही. त्या मामांना त्या रात्री झोप लागली नसणार. मलाही लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी सुटल्यावर घरी आलो, अंगाला काकवीसारखा जळका वास येत होता. आईनं काही विचारलं नाही, पाणी तापवून दिलं.

आता प्रश्न. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले आमचे कितीतरी लोक गेले, त्यांच्या स्मरणार्थ. १४ ला गावोगाव जयंतीची धांदल असते म्हणून आम्हाला दोन दिवसांनंतर ग्रामसभेत दहा मिनिटं दिलीत, आणि बोलायचं मराठीतून मलाच सांगितलंय. त्या दहा मिनिटांत काय सांगू? सिलिंडरचं, वायरिंगचं मी सांगेनच. पण बंब येईपर्यंतची जी वीस-पंचवीस मिनिटं गावाच्या हातात असतात त्यात लोक खरं काय करतात, कुठं अडतात, हे मला गावातल्या लोकांकडूनच ऐकायचंय.

निवृत्त_लीडिंग_फायरमन

बाळा, आधी एक सांगतो. त्या मामांचं बोलणं मनाला लावून घे, पण अंगाला लावून घेऊ नकोस. माझ्या ३३ वर्षांत शिव्या न खाल्लेला एक उन्हाळा आठवत नाही. ज्याचं जळतं त्याला एक मिनिट एका तासाएवढं असतं.

सभेत उशिराची कारणं सांगत बसू नकोस. पाण्याचं सांग. लोकांना वाटतं बंब आला म्हणजे पाणी संपतच नाही. एक नळी चालवली तरी मिनिटाला चार-साडेचारशे लिटर जातं, म्हणजे दहा मिनिटांत टाकी रिकामी. दुसरी नळी लावली तर पाच मिनिटांत. मग भरायला जायचं कुठं? विहिरीत सक्शनचा (पाणी ओढायचा) पाइप टाकला तर पाणी ७ मीटरच्या आत असलं तरच पंप ओढतो, आणि फेब्रुवारी-मार्चात कुठल्या विहिरीला ते वर असतं? शेतकरी म्हणतो, माझी पाचची मोटार आहे, भरून देतो. पण ऊस पेटला की लाईन आधी बंद करायला लागते, नाहीतर तारांखाली पाणी मारताना आपलाच माणूस जायचा. लाईन बंद म्हणजे मोटार बंद. हे कोडं फार कमी जणांच्या ध्यानात येतं.

म्हणून प्रत्येक गावात डिझेल इंजिन कुणाकडं आहे, ट्रॅक्टरचा टँकर कुणाकडं आहे, द्राक्ष-भाजीच्या फवारणीचा ब्लोअर कुणाकडं आहे, ही पाच-सहा नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा म्हणावं. टँकर भरून बांधावर उभा असला तर आमची गाडी जागची हलवायला लागत नाही.

आणि फडात शिरू नका, हे तर आधी सांग. लोक झाडाच्या फांद्या घेऊन आगीसमोर जातात. वारा फिरला की आठ फूट उसात माणसाला दिशा कळत नाही. आगीच्या पुढं, वारा जिकडं जातोय त्या बाजूला लांबवर पाच-सहा सऱ्या तोडून पट्टा मोकळा करायचा आणि पाला मागं ओढायचा. दहा कोयते असले तर होतं ते काम. ते आपल्या लोकांना येतं, फक्त जळणाऱ्या कडेला न जाता लांबून सुरुवात करायची हे सुचत नाही.

कारदग्याची_सूनबाई

दादा, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. ग्रामसभेत बायका किती असतात ते तुम्हालाही माहीत आहे. दुपारी एक वाजता आग लागते तेव्हा गावात कोण असतं? पुरुष कारखान्यावर, निपाणीला नाहीतर कागलच्या एमआयडीसीत. मळ्यातल्या वस्तीवर आम्हीच असतो, सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गोठ्याला लागून असलेली कडब्याची गंजी पेटली. मी पहिल्यांदा काय केलं सांगू? घरात धावले आणि मालकांना फोन लावला. बंबाचा नंबर माझ्याकडं नव्हताच. सासूबाईंनी मात्र एक शब्द न बोलता विळा घेतला आणि म्हशींची दावी कापली. गाठ सोडत बसल्या असत्या तर दोन म्हशी गेल्या असत्या. धुरात जनावर ओढ घेतं, गाठ आणखी आवळते. हे कुणी शिकवलेलं नव्हतं त्यांना. तेव्हापासून आमच्या गोठ्याच्या मेढीला एक विळा टांगलेला असतो, त्याला वैरणीसाठी कुणी हात लावत नाही.

तर माझं म्हणणं, दहा मिनिटं सभेत बोला, पण स्वसहाय्य संघाच्या बैठकीला अर्धा तास या. आणि फोनवर काय बोलायचं ते आम्हाला पाठ करून द्या. समोरून कन्नड आलं की आमच्यातल्या निम्म्या जणी फोन खाली ठेवतात. मला समजतं, पण घाबरल्यावर तोंडातून येत नाही.

बंबवाला_सीमेवरचा

वहिनी, विळ्याचं मी सभेत सांगणार. तुमची हरकत नसेल तर "एका आजींनी" असं म्हणेन.

फोनवरचं लिहून देतो. ठाण्याच्या लँडलाईनवर मराठीत बोललात तरी चालतं, आमच्या भागातल्या ठाण्यांत मराठी समजणारं कुणीतरी असतं. ११२ किंवा १०१ ला समोरून कन्नड आलं तर एवढंच म्हणा: "कब्बिगे बेंकी हत्तैती." उसाला आग लागलीय. घर असेल तर "मनिगे बेंकी हत्तैती". मग गावाचं नाव, तालुका, जिल्हा. तालुका सांगायचाच, कारण शिरगुप्पी निपाणीजवळ आहे आणि कागवाडकडंही आहे. बोरगाव म्हटलं तर महाराष्ट्रात कितीतरी निघतील. फोन पलीकडं लागला असं वाटलं तर वाद न घालता पहिलं वाक्य "मी कर्नाटकातून बोलतेय, बेळगाव जिल्हा" हे. आणि पत्ता सांगून झाला तरी फोन आपण ठेवायचा नाही, समोरच्यानं ठेवू दे.

सगळ्यात बरं म्हणजे जवळच्या ठाण्याचा लँडलाईन नंबर एसटीडी कोडसकट मोबाईलमध्ये सेव्ह करा. कोड नसला तर मोबाईलवरून लागत नाही, आणि हे लोकांना आग लागल्यावर कळतं. नाव "बंब" असं सेव्ह करा, इंग्रजीत नको, म्हणजे घरातल्या पोरालाही सापडेल.

संघाच्या बैठकीला येतो. साहेबांना विचारून वार कळवतो.

कागलकडचा_शेतकरी

मी पलीकडचा, पण शिवाराला शिवार लागून आहे. इकडं बंब नगरपालिकेचा, एमआयडीसीचा नाहीतर कारखान्याचा असतो. तुमच्याकडं सगळं एका राज्य खात्याचं. म्हणून इकडच्या माणसाला कुणाला सांगायचं ते कळत नाही आणि तिकडच्याला इकडं सांगावं असं वाटत नाही. आग काय हद्दीचा दगड बघून थांबत नाही. मागच्या साली तुमच्या हद्दीत पेटलेलं आमच्या चार जणांनी टँकर नेऊन विझवलं, कुणी विचारलं नाही कुठल्या राज्याचे. आमच्या टँकरवाल्यांचे नंबर पण तुमच्या त्या भिंतीवर लिहा.

लाईनमन_२२वर्षं

माझ्याकडून दोन गोष्टी.

मळ्याचा पत्ता पाटील, देसाई, कुलकर्णी यांच्या नावानं सांगू नका. टीसीच्या नंबरानं सांगा. (म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पलीकडं डीपी म्हणतात तेच.) प्रत्येक टीसीवर नंबर रंगवलेला असतो आणि कुठला टीसी कुठल्या शिवारात ते आमच्या सेक्शन ऑफिसला माहीत असतं. तुम्ही बंबवाल्यांनी तो नंबर आम्हाला फोनवर सांगितला तर एका दमात दोन कामं होतात, जागा कळते आणि तेवढीच लाईन बंद करता येते. आख्खा फीडर (सबस्टेशनवरून येणारी मुख्य लाईन) पाडायला लागत नाही, म्हणजे दुसऱ्या टीसीवरची मोटार चालू राहते. वर निवृत्त साहेबांनी जे कोडं घातलंय त्यातलं निम्मं इथं सुटतं.

दुसरं, उसाला आग बहुतेक वेळा कशानं लागते हे आम्ही मान खाली घालून ऐकतो. तारा लोंबलेल्या असतात, वाऱ्यानं एकमेकीला घासतात, ठिणगी खालच्या पाल्यात पडते. सगळीकडं हात पोचत नाही हे खरं, पण ते जळालेल्या माणसाला सांगून उपयोग नाही. लोकांनी लोंबलेली तार दिसली की १९१२ ला तक्रार नोंदवावी आणि तिचा नंबर जपून ठेवावा. नोंद असली तर वरून सामान मिळतं, तोंडी सांगितलेलं मिळत नाही. आणि तारेखालच्या दोन सऱ्यांचा पाला ऊस उभा असतानाच काढून टाकावा. तेवढी दोन माणसांची एक दिवसाची मजुरी आहे.

बंबवाला_सीमेवरचा

टीसीचा नंबर! ११ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही देऊळ, शाळा, वडाचं झाड असं विचारत बसतो.

आता सभेत जास्त बोलत नाही असं ठरवलंय. पाणंदीचं मात्र सांगणार. नुसतं पाणीच साडेचार टनांचं, वर गाडीचं वजन, त्यामुळं कालव्याच्या भरावावरून आणि कच्च्या मोरीवरून आम्ही येऊ शकत नाही, चाक खचलं तर ती गाडी दुसऱ्या गावालाही नाही. म्हणून एक माणूस मुख्य रस्त्यावर मोटारसायकल घेऊन थांबलेला हवा, जो आम्हाला गाडी जाईल अशाच वाटेनं नेईल. आणि हंगामात ट्रॉली पाणंदीत लावली तर किल्ली ट्रॅक्टरलाच ठेवायची, किंवा ड्रायव्हरनं तिथंच जेवायचं. देवळाच्या भोंग्यावरून पुकारायचं तेही "आग लागलीय, पळा" असं नको. कुठल्या शिवारात, आणि कोयते-टँकर कुठं आणायचे, ते सांगायचं.

रविवारी सुट्टी आहे. सभेआधी त्याच गावात जाऊन पाणंदी टेपनं मोजाव्या म्हणतोय, कुठं गाडी वळते आणि कुठं नाही ते कागदावर काढतो. काल धीर करून त्या मामांना फोन केला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये. पण उन्हं चढायच्या आत ये."

लाईनमन_२२वर्षं

ते गाव माझ्याच सेक्शनमध्ये येतं की काय? मेसेज करा. तसं असेल तर रविवारी सकाळी मीही येतो. तिकडच्या चार टीसींचे नंबर पावसानं पुसलेत, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन येतो.